बारदान वजा करा

"ये कचरा किसका है? उठाओ यहाँ से."

कोर्टातला बाबू हे माझ्या बारदानाला म्हणाला. रिकामं पोतं. ज्यूटचं, निळ्या पट्टीचं. चार घड्या घालून मी ते त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं होतं. दाखवायलाच आणलं होतं. आत येताना गेटवरच्या शिपायानं ते उलटं करून झटकलं, माझ्या पँटवर भुसा उडाला. "मंडी समझ के आया है क्या?" मी पँट झटकली आणि आत आलो.

बाबूला मी म्हणालो, "साहब, इसको एक बार तौल लो. बस इतना ही."

सरकारी वकील वळला. उंच माणूस, चष्मा कपाळावर.

"आप कौन?"

"मुलजिम का बाप."

"पढ़े कितना हो?"

"चौथी."

"चौथी! तो अब चौथी पास बताएगा कि जब्ती कैसे होती है?"

मागच्या बाकांवरचे लोक हसले. काळे कोट हसले, पोलीस हसले, ज्यांच्या स्वतःच्या पोरांच्या तारखा होत्या तेही हसले. जज हसला नाही, तो कागद बघत होता. आमचा वकील होता तो सरकारनंच दिलेला. त्यानं माझा खांदा दाबला. "बैठ जाओ बाबा. केस बिगाड़ोगे."

मी बसलो. बारदान उचललं, मांडीवर घेतलं, आणि बसलो.

माझा पोरगा संजू समोर उभा होता. त्यानं मला बसताना बघितलं.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी गोविंदपुऱ्यात एका छोट्या कारखान्यात चाळीस वर्षं तोलाईचं काम केलं. बाप नागपूरकडून इकडे हिंदी मुलखात आला होता, सरकारी ऑफिसात झाडू मारायचा. मला चौथीनंतर कारखान्यात घातलं. आधी वजनं उचलायला, मग काट्यावर. लोखंडाचे तुकडे, बोल्टांची पोती, सगळा माल माझ्या काट्यावरून बाहेर जायचा. चाळीस वर्षांत माझ्या वजनाची एक तक्रार आली नाही. मालकाला माझं नाव धड माहीत नव्हतं, "ए काँटेवाले" म्हणायचा. पण माझा आकडा त्यानं कधी दुसऱ्यांदा विचारला नाही.

तोलाईची एक रीत असते. भरलेलं पोतं काट्यावर ठेवायचं आणि आकडा मोठ्यानं बोलायचा. मोठ्यानंच, कारण शेजारी ग्राइंडर चालू असतात, हळू बोललं तर लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही. मग पोतं रिकामं करायचं, बारदान काट्यावर ठेवायचं, त्याचा आकडा बोलायचा. लिहिणारा पहिल्यातून दुसरा वजा करतो. जे उरतं तो माल. तोलणारा वजाबाकी करत नाही, ते लिहिणाऱ्याचं काम. तोलणाऱ्यानं फक्त दोन आकडे बोलायचे. आधी भरलेलं, मग रिकामं.

ही रीत माझ्या हाडात बसली होती. तिनंच माझं घर बुडवलं.

कारखाना बंद झाला तेव्हा जुना प्लॅटफॉर्म काटा भंगारात चालला होता, तो मी घरी आणला. दाराशी ठेवला. वस्तीतले लोक रद्दी, लोखंड, धान्य तोलून न्यायचे. संजू लोडिंग ऑटो चालवायचा. बिट्टन मार्केटच्या हाटाला भाजी पोचवायचा. चोवीस वर्षांचा होता. लग्नाचं बघत होतो.

त्या पोत्यात काय आहे ते संजूला ठाऊक होतं. मी खोटं लिहिणार नाही. गांजाला वास येतो. भाजीच्या फेरीत एक पोतं जास्त टाकायचं, दोन दिवस घरी ठेवायचं, मग कोणीतरी येऊन घेऊन जाईल, असं ठरलं होतं. कोणीतरी. तो कोणीतरी आजपर्यंत कोणाला सापडला नाही. आणि पिपलानीच्या क्वार्टरांमागं झाडाखाली बसून जी शिकलेली पोरं ओढत होती, ज्यांच्यासाठी तो माल चालला होता, त्यांच्या घरी कोणी काटा मागायला गेलं नाही.

आमच्या घरी आले.

दुपारची वेळ. तिघं होते, एक हवलदार आणि दोन शिपाई. पोतं खाटेखाली होतं, शोधायला मिनिट लागलं नाही. संजूला भिंतीशी बसवलं, त्याच्याच गमछ्यानं हात बांधले. त्याची आई दाराला धरून उभी. वजन करायला बाहेरचा तोलणारा आणावा लागतो, असा त्यांचा नियम. ऊन कडक होतं. हवलदाराला बाजारात माणूस पाठवायचा कंटाळा आला. त्याला माझा काटा दिसला.

"चाचा, ये काँटा चलता है?"

मला राग आला. पोरगा बांधलेला, पोलीस घरात, आणि मला राग कशाचा आला तर काटा चालतो का विचारलं याचा. "चलता है क्या मतलब? दस ग्राम का फरक निकाल के दिखाओ."

"तो तौलो."

संजू हळूच म्हणाला, "बाबा, राहू द्या."

मला वाटलं, त्याला लाज वाटते. त्याला काय म्हणायचं होतं ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

मी पोतं काट्यावर ठेवलं. बारदान ओलं होतं, कारण ऑटोत त्याच्यावर भाजी होती आणि भाजीवर पाणी मारलेलं. सुतळीचे चार वेढे. मी वजनं लावली, दांडी स्थिर होऊ दिली. आणि चाळीस वर्षं बोललो तसा बोललो, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा.

"बीस किलो चार सौ!"

शिपायानं लिहिलं. मी पोत्याच्या तोंडाशी हात घातला, रिकामं करायला.

"हाथ मत लगा!"

"साहब, बारदाना तो घटेगा ना?"

"घटेगा, घटेगा. तू साइड हो."

शिपायानं पेनला टोपण लावलं. हवलदारानं मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली, सुतळीवर मोहोर मारली. पोतं बंद. माझा दुसरा आकडा माझ्या तोंडातच राहिला.

मी विश्वास ठेवला. लिहिणारा वजा करतो, हेच मला शिकवलं होतं.

नंतर कळलं. वीस किलोच्या वर गेलं तर कमीत कमी दहा वर्षं, कायद्यात तसं छापलेलं आहे. वीसच्या खाली राहिलं तर जज बघतो, वय बघतो, पहिली वेळ आहे का बघतो, एक वर्ष देतो, तीन देतो, त्याच्या मनावर. तसं बारदान कोरडं सातशे ग्रॅम भरतं. मी बाजारातून त्याच पट्टीचं आणून दहा वेळा तोललं. ओलं असताना किती भरलं असतं, देव जाणे. वीस चारशेतून सातशे गेले तर किती उरतात, हे चौथीवाल्यालाही येतं.

जामीन मिळाला नाही. वीसच्या वरच्याला मिळत नाही म्हणे. केस दोन वर्षं चालली. कागदावर तोलणारा म्हणून बाजारातल्या एका दुकानदाराचं नाव होतं. तो आमच्या गल्लीत कधी आलाच नव्हता. कोर्टात येऊन त्यानं शपथेवर सांगितलं, हो, मीच तोललं. मी वकिलाला म्हणालो, अहो, मी तोललं, माझ्या काट्यावर, माझ्या हातानं. तो म्हणाला, "कागज पे आपका नाम ही नहीं है, बाबा. ऊपर से आप बाप हो. आपकी कौन मानेगा?" मी म्हणालो, पोतं परत तोला. तर माल नष्ट केल्याचा कागद आला, फोटोसकट. म्हणून मी रिकामं बारदान घेऊन गेलो होतो. पुढचं वर लिहिलं आहे.

शिक्षेच्या दिवशी जज संजूकडे बराच वेळ बघत होता. माणूस बरा होता. म्हणाला, "लड़के की उम्र कम है. पहला जुर्म है. मैं सब देख रहा हूँ. पर वजन बीस किलो से ऊपर है, तो दस साल से एक दिन कम लिखने का मुझे अधिकार नहीं."

मला वाटायचं, जज म्हणजे सगळं त्याच्या हातात. त्याच्या हातात पेन होता फक्त. शिक्षा त्या दिवशी झालीच नाही. शिक्षा झाली होती दोन वर्षांपूर्वी, माझ्या दारात, माझ्या तोंडातून.

संजूची आई घरी आल्यावर तांदूळ निवडायला बसली. डोकं वर न करता म्हणाली, "तुमी बोललेच नसते तं?"

एकदाच म्हणाली. तिनं परत कधी विचारलं नाही. त्यानंतर ती पाच वर्षं जगली. माझ्यासाठी रोज भाकर थापली. रोज मला तो प्रश्न ताटात दिसायचा.

जेलमध्ये पंधरा ऑगस्टला काही कैदी सोडतात. चांगलं वागलेल्यांची शिक्षा माफ होते, थोडी कमी होते. ही गोष्ट संजूच्या आईला भाजीवालीनं सांगितली. तिनं संजूचा निळा शर्ट धुतला, इस्त्री केला, पिशवीत घातला. मला म्हणाली, "चला." आम्ही दोन बस बदलून गेलो. गेटबाहेर मंडप होता, माईक होता, साहेबांचं भाषण चालू होतं. आमच्या मागच्या गल्लीतला एक माणूस बाहेर आला. त्यानं भिंतीच्या भांडणात स्वतःच्या मेव्हण्याला सळईनं मारलं होतं. मेव्हणा दवाखान्यात जाईपर्यंत मेला होता. आता त्याच्या गळ्यात हार, हातात लाडूचा डबा. त्याच्या आईनं त्याला जवळ घेतलं. संजूची आई टक लावून बघत होती.

मग ती खिडकीवरच्या बाबूकडे गेली. तिची हिंदी अशीतशीच. "बाबूजी, मेरे संजू का नाम देखो ना."

बाबूनं कागद बघितला. "अरे, ये तो गांजेवाला है. इसमें माफी नहीं होती, अम्मा. एक दिन की नहीं होती."

"उसने तो आदमी मारा. वो कैसे छूटा?"

"उसका चाल-चलन अच्छा था."

"मेरे बच्चे का खराब है?"

बाबूनं रजिस्टर काढलं. उगाच खोटं बोलला नाही. "तेरे का भी अच्छा है. दरी बुनता है. कोई शिकायत नहीं. पर धारा खराब है." धारा म्हणजे कायद्याचं कलम.

मग अगदी साध्या आवाजात, दुकानात भाव विचारावा तसं तिनं विचारलं, "तो किसी को मार देता तो आज छूट जाता?"

बाबू हसला. "हाँ अम्मा. तब तेरा फारम मैं खुद भर देता."

रांगेतले दोघंतिघं हसले. माझी बायको हसणाऱ्यांकडे एकेक करून बघत राहिली. मी तिचा दंड धरला आणि ओढत बाहेर आणलं. नवरा म्हणून माझी हीच कामगिरी, तिला ओढून बाहेर आणलं.

पुढच्या पंधरा ऑगस्टला तिनं तोच शर्ट परत धुतला, इस्त्री केला. मी म्हणालो, "अगं, नाही होत माफी. सांगितलं ना त्यानं." ती म्हणाली, "त्याले शिक्षा नका देऊ असं मी म्हणतच नाही. त्याची त्याले द्या. रिकाम्या बोऱ्याची कायले देता?" आणि निघाली. त्यापुढच्या वर्षीही गेली. मग गुडघे गेले. मग ती गेली.

संजूला आणायचा अर्ज मी स्वतः हातानं लिहिला. आई वारली, दोन तास पाठवा. उत्तर दहाव्याला आलं. सोबत द्यायला गार्ड नाहीत. अग्नी मी दिला. निळा शर्ट पिशवीतच होता, तो तिच्याबरोबर ठेवावा असं कोणीतरी म्हणालं. मी ठेवू दिला नाही. तो संजूचा आहे.

मुलाखतीला गेलो तेव्हा त्याला जाळीतून सांगितलं. त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?" मी म्हणालो, "शर्ट." तो खाली बसला. वीस मिनिटांतली पंधरा मिनिटं तो जाळीखाली बसून होता आणि मला फक्त त्याचं डोकं दिसत होतं. केस पांढरे व्हायला लागलेत. एकतीस वर्षांच्या पोराचे.

आता यंदाच्या थंडीतली गोष्ट. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या शेजारी मुन्नी राहते. राहत होती. नवरा नाही, दोन मुली. कारखान्यातल्या माणसांना डबे करून द्यायची. मला भाऊजी म्हणायची, बायको गेल्यापासून दुपारची भाजी तीच पाठवायची. तिच्या घरी पोतं ठेवलं कोणीतरी. परत तोच कोणीतरी. दुपारी पोलीस आले. हवलदार तोच, खांद्यावर आता एक तारा लागलेला. मला ओळखलं नाही त्यानं. मी ओळखलं.

"चाचा, काँटा लाओ."

मी दाराशी उभा होतो. मी म्हणालो, "काँटा है. तौलूँगा भी. पहले बोरा खाली करो. पहले बारदाना तौलूँगा. और कागज पे तौलने वाले की जगह मेरा नाम लिखो."

"क्या?"

"बारदाना घटाए बिना मेरे मुँह से आँकड़ा नहीं निकलेगा."

"चाचा, धूप में दिमाग गरम हो गया क्या? हटो."

शिपाई काटा उचलायला आला. मला काही सुचेना. मी काट्यावर चढलो आणि खाली बसलो. प्लॅटफॉर्मवर मांडी घालून. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात स्वेटर, पायात चप्पल, काट्यावर बसलेला. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली.

शिपाई हसायला लागला. त्यानं गंमत म्हणून वजनं लावली, दांडीकडे बघितलं. "साहब, चाचा इक्यावन किलो! जब्ती बना लें?"

सगळे हसले. गल्लीवालेही.

मी म्हणालो, "चप्पल घटाओ. स्वेटर घटाओ. फिर लिखना."

हे मी ओरडलो. गल्लीच्या टोकापर्यंत. हसणं थांबलं. आत मुन्नी जमिनीवर बसली होती, तिनं मान वर केली.

हवलदारानं माझ्या कानाखाली मारली. चष्मा गेला. दोघांनी काखेत धरून मला उचललं आणि नळाशी नेऊन ठेवलं. किराणावाल्याचा काटा आणला. पोतं तोललं, सुतळीसकट, बारदानासकट. मी नळाशी बसून ओरडत होतो, "बारदाना घटाओ! बारदाना घटाओ!" घसा बसला तरी ओरडत होतो. लाख वितळली. मोहोर लागली.

कागदावर वीस किलो अडीचशे आलं.

काही बदललं नाही. हे साफ सांगतो, कोणी वाचून टाळ्या वाजवू नये. मुन्नीला जामीन नाही. मुली मावशीकडे गेल्या, धाकटी शाळेत जात नाही. संजूला अजून तीन वर्षं आहेत, वरच्या कोर्टातल्या अपिलाची तारीख लागत नाही. कायदा बदलणार आहे, छोट्या माणसाला थोडी सूट मिळणार आहे, असं अधूनमधून कोणी येऊन सांगतं. मी ऐकून घेतो. संजूची आईही ऐकून घ्यायची. मला छातीत दुखतं. तीन वर्षं निघतील असं वाटत नाही.

पण मुन्नीची वकील आली होती, एक तरुण मुलगी. तिनं विचारलं, "बाबा, आप गवाही दोगे? वो लोग आपको बहुत जलील करेंगे." मी म्हणालो, दूँगा. मुन्नीचा मी बाप नाही, भाऊ नाही. ते कारण आता त्यांना मिळणार नाही. गल्लीतल्या आणखी दोघांना विचारलं तिनं, जे त्या दिवशी बघत होते. दोघांनी दार लावलं. मी एकटाच आहे.

तारीख येईल. मला विचारतील, पढ़े कितना हो. चौथी सांगीन. हसतील. हसून होईपर्यंत थांबीन. बारदान टेबलावर ठेवीन. उचल म्हणाले तर उचलणार नाही. बस म्हणाले, वकिलानं खांदा दाबला, जजनं सांगितलं, तरी बसणार नाही. संजूच्या वेळी बसलो त्याची शिक्षा तो भोगतोय, त्याची आई भोगून गेली. दोघं काखेत धरून बाहेर नेतील. नेऊ दे, माझं वजन फार नाही. नेतानाही मी बोलत राहीन, ग्राइंडर चालू असताना बोलायचो त्या आवाजात.

आधी भरलेलं. मग रिकामं. दोन्ही आकडे लिहून घेतल्याशिवाय मी तोंड बंद करणार नाही.